आईच्या बरणीतलं एक बोट तूप

या सदरातले गूढ अनुभव मी नेमाने वाचते, पण निम्म्याहून जास्त वेळा मनात म्हणते — मांजर असेल, वारा असेल, झोप झाली नसेल. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोक म्हणणार नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. आमच्याकडे साधा नियम आहे — जी चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही, ती धरत नाहीत. पुढे जे लिहितेय ते या नियमात बसत नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

मी मूळची वाशिमकडची, एका तालुक्याच्या गावातली. बाबा एसटी डेपोत हेल्पर होते आणि आईकडे दोन म्हशी होत्या. जिल्हा परिषदेची शाळा, मग अमरावतीला इंजिनिअरिंग. घरातली पहिली पदवी माझी. त्या पदवीमागे गणिताचे सर आहेत, हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशी आहेत, आणि सगळ्यात आधी आई आहे. हा अनुभवही तिचाच म्हणायला हवा. मी फक्त सांगतेय.

माझ्या डाव्या गालावर खड्डा होता. मोठं बोर सहज मावेल एवढा. तो बिब्ब्याचा. शहरातल्या वाचकांना बिब्बा कदाचित माहीत नसेल. काळं, चपटं फळ असतं. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून काळं तेल गळतं. आमच्याकडे पाय मुरगळला, सांधा धरला, की बिब्ब्याचा ठिपका लावायची पद्धत. मी सहा वर्षांची असताना माझ्या गालाखाली गाठ आली. शेजारणीने सांगितलं, बिब्बा लाव, एका रात्रीत बसते. आईने लावला. ठिपका एकच द्यायचा होता, पण मी मान हलवली आणि तेल गालभर ओघळलं. फोड आले, ते चिघळले, पू झाला. महिनाभर सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग चाललं. जखम भरली, पण गाल भरला नाही.

आईला कोणी दोष दिल्याचं मला आठवत नाही. तिला तो कोणी द्यावाही लागला नाही.

तिने तूप सोडलं. देवासमोर वगैरे काही नाही... चुलीपुढे बसल्या बसल्या आजीला म्हणाली, "रंजूचा गाल भरून येईस्तोवर मी तूप खाणार नाही." आमच्या घरात याला फार मान होता. एखाद्यासाठी काही सोडलं, की ते काम झाल्यावर त्याच माणसाच्या हातून पहिला घास घ्यायचा. तोवर नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या हातून तर नाहीच.

आता गंमत बघा. आई तूप विकायची. आठवड्यातून दोनदा आमच्या घरात लोणी कढायचं, अर्धी गल्ली घमघमायची. आणि ही बाई तूप झालं की नाही हे जिभेवर न घेता ओळखायची. पातेल्याकडे कान करायची. तडतड थांबली की म्हणायची, "झालं." तिच्या वाटणीचं तूप माझ्या ताटात पडायचं. शेवटी पातेल्याच्या कडेचं तूप ती बोटाने निपटून माझ्या तोंडात घालायची. त्या बोटाबद्दल इथेच सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. उजव्या हाताची तर्जनी. तिचं टोक कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेलं होतं, नखासकट. बोट आखूड होतं, पुढून रुंद आणि बोथट.

आणखी एक. ती कायम माझ्या डाव्या हाताला असायची. एसटीत, लग्नात, फोटोत. लोकांची नजर गालावर जाण्याआधी तिच्यावर अडावी म्हणून. कॉलेजच्या वयात मला याचा राग यायचा. आता डावी बाजू मोकळी असते.

कॅम्पसमधून नोकरी लागली आणि मी पुण्यात आले. ऑफिस हिंजवडीत, राहायला कोथरूडला. लिमयेकाकूंच्या फ्लॅटमधली रस्त्याकडची खोली. दार वेगळं, ओटा छोटा, आणि खोलीची दुसरी किल्ली काकूंकडे. काकू एकट्या राहायच्या. बोलणं मोजकं, पण मोजलेलं प्रत्येक माप टोचायचं. पहिल्याच दिवशी माझा गाल निरखून म्हणाल्या, "एकाच बाजूला खळी? दुसरीकडचं बजेट संपलं वाटतं." मी हसले. खरं तर त्यांच्याइतकं सरळ कोणी माझ्या गालाकडे पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी आई-बाबा चार दिवस राहायला आले. काकूंनी आम्हाला जेवायला बोलावलं. वरण-भातावर तूप वाढायला आल्या तेव्हा आईने ताटावर आडवा हात धरला.

"पथ्य आहे का?" काकू.

"नाही जी. सोडलं आहे."

"कशासाठी?"

मीच सांगितलं. काकूंनी तुपाचा चमचा तसाच वाटीवर धरून ठेवला. मग आईला म्हणाल्या, "अहो, मग तुपाने काय घोडं मारलंय? मुलीचा गाल भरून घ्या की. हल्ली करतात. पोटाची नाहीतर मांडीची चरबी काढतात आणि खड्ड्यात भरतात. माझ्या भाचीच्या ओळखीत केलंय एकीने."

आई एकदम पुढे सरकली. "होते का असं, बाई?"

"पुण्यात सगळं होतं. पार्किंग सोडून."

आईला पार्किंग कळलं नाही. पण परत जाताना स्वारगेटला गाडीत बसल्यावर तिने खिडकीतून माझ्या गालाला ते बोथट बोट लावलं. "करशील न वं? तुह्या सवडीनं कर."

सवड... मी म्हणाले, प्रोजेक्टचं हे रिलीज झालं की करते. मग दुसरं रिलीज आलं. मग मंदी आली. प्रोजेक्ट नसलेली, बेंचवर बसवलेली मुलं एकेक करून दिसेनाशी झाली आणि रजा मागायची कोणाची छाती होईना. फोनवर आई दर वेळी जेवलीस का विचारायची, आणि ठेवता ठेवता, "त्या कामाचं काही जमलं?" मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात. ती म्हणायची, "बरं."

त्या दिवाळीनंतर आठ दिवसांनी आई गेली. गोठ्यात चक्कर येऊन पडली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

माझ्यासाठी म्हणून तिने तूप कढवून ठेवलं होतं. काचेची बरणी, तोंडावर फडकं, आणि फडक्यावर तिच्या जुन्या लुगड्याच्या काठाची दोरी बांधलेली. तेराव्यानंतर मला पुण्याला सोडायला आलेल्या बाबांनी ती बरणी मांडीवर घेऊन ट्रॅव्हल्सचा सगळा प्रवास केला आणि माझ्या हातात दिली. मला ती उघडवेना. ओट्यावरच्या फळीवर ठेवली. पुण्याच्या दोन उन्हाळ्यांत त्या बरणीतलं तूप विरघळलं आणि थंडीत पुन्हा थिजलं. काचेतून थर सपाट दिसायचा. मी रोज सकाळी ब्रश करताना तिच्याकडे बघायचे.

ही विरघळण्या-थिजण्याची गोष्ट लक्षात ठेवा.

शेवटी मी ऑपरेशन करून घेतलं. खरं सांगू का — मला त्या खड्ड्याची सवय झाली होती. तोंड धुताना त्यात पाणी थांबायचं, ते टिपायलाही हात आपोआप जायचा. पण आईचं तूप अडकून राहिलं होतं. ती नसली तरी तिचं सुटायला हवं, असं मला वाटत होतं. का वाटत होतं ते विचारू नका.

डॉक्टर मॅडम वयाने मोठ्या, शांत. गाल चाचपून म्हणाल्या, "खालची चरबी गेलीये आणि कातडी आत चिकटून बसलीये. आधी सुईने ती चिकट सोडवू. मग तुमच्या पोटाची थोडी चरबी काढून, ती धुऊन-निवळून, बारीक बारीक थेंबांनी भरू. सगळी टिकत नाही. काही शरीर शोषून घेतं, म्हणून थोडी जास्त भरतो. एखादे वेळी पुन्हा करावं लागतं."

"बाहेरचं काही नाही ना घालत?"

"छे. तुमचंच तुम्हाला."

मी मान हलवली. पण मनात आलं, माझं कसलं? पोटावर जे काही आहे ते तिच्या वाटणीचं आहे.

ऑपरेशन जानेवारीत झालं. पूर्ण भूल नव्हती. गुंगी होती, गाल आणि पोट तेवढं बधिर. मध्येच मान वळवली तर बाजूच्या स्टँडमध्ये सिरिंजा उभ्या करून ठेवलेल्या. खाली लालसर पाणी आणि वर पिवळं, कणीदार, दाट.

"तुपासारखं दिसतंय," मी म्हणाले.

"सगळे हेच म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "म्हणून ऑपरेशनच्या दिवशी मी दुपारी वरण-भात टाळते. आता बोलू नका."

मला रडू आलं. नर्सने डोळ्याच्या कडेला कापूस लावला आणि विचारलं, दुखतंय का. मी नाही म्हणाले.

संध्याकाळी घरी सोडलं. सूचना दोनच ठळक होत्या : गाल दाबायचा नाही आणि डाव्या कुशीवर झोपायचं नाही. भरलेली चरबी रुजेपर्यंत तिला धक्का चालत नाही. आठवडाभर रजा होती. काकू दोन वेळा मऊ भात आणि सूप आणून द्यायच्या आणि दारातूनच म्हणायच्या, "बोलू नकोस. मला उत्तर नकोच असतं."

पाचव्या दिवशी क्लिनिकमध्ये गालाची पट्टी आणि पोटाचा घट्ट पट्टा, दोन्ही काढलं. सूज होती, जांभळट डागही होता. पण मॅडमनी हातात आरसा दिला आणि तिथे गाल होता. नुसता गाल. मी आरसा तिरपा करून, उजेड बाजूने घेऊन पाहिलं. सावली पडत नव्हती.

रिक्षाने घरी आले. दुपारचे बारा-साडेबारा झाले असतील. खोलीत लख्ख ऊन. हातपाय धुतले, आईचा फोटो ओट्यावर ठेवला, वाटीत गरम भात घेतला. ठरवलं होतं तसं... ज्याच्यासाठी सोडलं त्याच्या हातून पहिला घास. फोटोपुढे तर फोटोपुढे. बरणी खाली काढली. लुगड्याच्या काठाची गाठ घट्ट होती, नखांनी सोडवायला पाच मिनिटं गेली. फडकं वर केलं.

तुपात बोट फिरलेलं होतं.

कडेने, काचेला लागून, डावीकडून उजवीकडे निपटत नेलेली एक चर. जशी आई पातेल्याची कड निपटायची. बाकी सगळा थर गुळगुळीत, थिजताना पडतात तशा बारीक भेगांचा. आणि चरीच्या शेवटी, जिथे बोट उचललं, तिथला ठसा बोथट आणि रुंद होता. नखाची रेघ नव्हती. मी माझी तर्जनी शेजारी धरली. माझ्या बोटाला नख आहे. रवाळ तुपात नखाची रेघ उमटते, मी शेजारीच टेकवून पाहिली. उमटली.

मी टेस्टर आहे. खाली बसले आणि एकेक शक्यता खोडायला लागले.

आईनेच भरताना बोट लावलं असेल? नाही. दोन उन्हाळे तूप पातळ झालं होतं. आधीची कुठलीही खूण तेव्हाच मिटली असती. चर या हिवाळ्यातली होती. मीच झोपेत, गोळ्यांच्या गुंगीत उघडली असेल? नख. आणि त्या पाच दिवसांत पोटाच्या पट्ट्याने मला हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता. फळी डोक्याच्या वर आहे. मग काकू.

मी तशीच काकूंकडे गेले. त्या वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होत्या.

"काकू, माझ्या बरणीतलं तूप कोणी घेतलं का?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हशीचं?"

"हो."

"हे बघ रंजना, मला कोलेस्टेरॉल आहे. चोरून खायचंच झालं तर मी गाईचं खाईन." मग माझा चेहरा पाहून पेन खाली ठेवलं. "काय झालं?"

मी त्यांना खोलीत आणलं. त्यांनी बरणीवर वाकून ठसा निरखला. आईने ताटावर आडवा धरलेला हात त्यांनी पाहिला होता. बोट त्यांना आठवत होतं.

"पहिला घास तुझ्या हातून घ्यायचा होता ना त्यांना?"

"हो."

"मग थांबल्या नाहीत बाई." एवढंच म्हणाल्या. जाताना दाराशी वळून, "गाठ तू सोडलीस की सुटलेली होती?"

"मी सोडली. घट्ट होती."

कोणी सोडून पुन्हा तशीच बांधली असेल का? ‘नाही’ असं मी शपथेवर म्हणू शकणार नाही. गाठीला नाव नसतं. पण कोणी, आणि कशाला?

संध्याकाळी बाबांना फोन केला. बाबा फोनवर तीन वाक्यांपलीकडे जात नाहीत. गाल भरला हे सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं झालं." मग तुपाचं सांगितलं. मला वाटलं फोन कटला. डेपोच्या बाजूने एखादी गाडी सुटल्याचा आवाज आला, म्हणजे बाबा अंगणात उभे होते.

"कितीक घेतलं?"

"एक बोट."

"एवढंच?"

"एवढंच, बाबा."

मग म्हणाले, "तिले संग साखर लागे."

मला कळलंच नाही. "कोणाला?"

"तुह्या मायले. लग्न होऊन आली तवा आजीपासून लपून तूप-साखर खाये. मीच पुडीत बांधून आणून दे साखर. तू व्हायच्या आधीची गोष्ट." थांबून म्हणाले, "कोरडं तूप तिच्यानं जास्त खाल्लं जात नसे."

मी एकोणतीस वर्षांची होते. आईला काय आवडायचं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मला आठवतं तेव्हापासून तिने काही आवडीने खाल्लेलं मी पाहिलंच नव्हतं. आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

त्या चरीचा फोटो का काढला नाही, असं ऑफिसातल्या एकाने विचारलं. सुचलं नाही, हेच खरं उत्तर आहे. तीन महिने मी बरणी रोज उघडून नुसती पाहायचे. मग चैत्रातलं ऊन तापलं, आणि एका दुपारी ऑफिसमधून लवकर आले तर तूप पातळ झालं होतं. चर मिटली. माझी नखाची रेघही मिटली. त्या दिवशी मी जेवढी रडले तेवढी तेराव्यालाही रडले नव्हते.

डॉक्टर मॅडमना मी हे काही सांगितलेलं नाही. सहा महिन्यांनी त्यांनी गाल तपासला आणि म्हणाल्या, "तुम्ही नशीबवान. जवळजवळ सगळं टिकलंय. पुन्हा करायची गरज नाही." हे नशिबाचं वगैरे त्या सगळ्या पेशंटना म्हणत असतील. चरबी टिकते, कधी कमी कधी जास्त, त्यात अद्भुत काही नाही. मला तिथे काही सिद्धही करायचं नाही. तोंड धुतलं की पाणी आता गालावरून सरळ ओघळून जातं, थांबत नाही. हात मात्र अजूनही टिपायला जातो.

तुमच्यापैकी कोणी स्पष्टीकरण देईल म्हणून लिहिलंय असं नाही. मी स्वतः सगळी शोधून पाहिली, एकही शेवटपर्यंत जात नाही. आणि मनातलं सांगायचं तर, स्पष्टीकरणापेक्षा मला ते पुन्हा एकदा घडायला हवंय.

बरणी अजून त्याच फळीवर आहे. पुढच्या हिवाळ्यात तूप पुन्हा थिजलं, त्याच्या पुढच्याही. मी शेजारी एक छोटी वाटी ठेवते. साखरेची. काकूंना दिसली तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी टोचरं येणार. त्या म्हणाल्या, "मुंग्या होतील. वाटीखाली पाण्याची ताटली ठेव."

ताटली ठेवते. तरी मुंग्या येतात. मी साखर बदलते.